पिशवीसह, घट्ट

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, कुणाकडे गेले की आधी तिथलं भिंतीवरचं घड्याळ आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघतात. चहापाणी नंतर. छत्तीस वर्षं त्यांनी वजनमापे खात्यात काढली. दुकानात जायचं, पेटीतली पितळेची वजनं काट्यावर ठेवायची, काटा खरं बोलत असेल तर शिक्का मारायचा, नाहीतर नापास करायचं. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, पण सवय काही निवृत्त झाली नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा स्वयंपाकघरातल्या मापाच्या भांड्यावर लाल रंगात लिहिलेलं होतं, 'सात ग्रॅम कमी'. मला वाटलं, कुणाची तरी चेष्टा असेल. चेष्टा नव्हती.

त्यांची एक वही असते. कडक पुठ्ठ्याची, दोरीनं पेन्सिल बांधलेली. नळाची गळती, दाराची बिजागरी, माझ्या मुलीची उंची, सगळं त्या वहीत. तारीख, वेळ, काय पाहिलं, आणि शेवटी निकाल. निकाल दोनच, ठीक किंवा नापास. मधलं त्यांना काही मान्य नाही.

सासूबाईंची पद्धत वेगळी. त्या लिहीत नाहीत, वास घेतात. दूध नासणार हे त्यांना आदल्या दिवशी कळतं. आणि घरात काही सांडू नये, वास सुटू नये म्हणून प्रत्येक झाकणाखाली दुधाच्या धुतलेल्या पिशवीचा गोल कापलेला तुकडा लावतात. तेलाची बरणी, मधाची बाटली, गुडघ्यांना चोळायच्या तेलाची शिशी, शाईची दौतसुद्धा. पहिल्या वर्षी मी मनातल्या मनात हसले. दुसऱ्या वर्षी मीच तुकडे कापून द्यायला लागले. आता वीस वर्षांनी माझ्या माहेरी गेले की तिथली उघडी झाकणं बघून मला कसंतरी होतं.

मामंजींची गाडी एकोणीस वर्षांची आहे. ती ते ताशी चाळीसच्या वेगानं चालवतात. त्याला कारण आहे. सासूबाईंना गाडी लागते. बसमध्ये दोन थांबे आणि टॅक्सीत पाच मिनिटं, एवढ्यात त्यांचा चेहरा हिरवा पडतो. फक्त मामंजींच्या गाडीत, मामंजी चालवत असताना, चाळीसनं, त्या बसू शकतात. आणि त्यांना बसावं तर लागतंच, कारण आठवड्यातून दोनदा दवाखान्याच्या कोमट पाण्याच्या हौदात गुडघ्यांचे व्यायाम असतात. दोन वर्षांपूर्वी त्या भिंत धरून चालायच्या. आता एका काठीवर बाजारात जाऊन येतात. त्या हौदामुळे. म्हणजे गाडीमुळे.

एका मंगळवारी हौदाहून परत येताना गाडीत इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला.

मामंजींनी गाडी बाजूला घेतली, वेळ लिहिली, आणि मगच घरी आणली. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याकडे गेले. त्यानं गाडीचा बिघाड वाचणारी डबी लावली, कागद काढला आणि सांगितलं, पेट्रोलची वाफ बाहेर सुटू न देणारी यंत्रणा आहे ती गेली. नळ्या, झडप, डबा, सगळं बदलायचं. त्यानं सांगितलेल्या पैशांत तसली दुसरी गाडी आली असती.

संध्याकाळी आमच्या ह्यांनी जेवताना विषय काढला. हे म्हणजे माझे यजमान, मामंजींचे चिरंजीव, सरळ माणूस, पण हिशेबी.

"बाबा, महिनाअखेर वार्षिक तपासणी आहे. हा दिवा लागलेला असेल तर गाडी नापास. नापास गाडी रस्त्यावर आणता येत नाही. आता विकून टाकू."

"त्यानं तपासलं कुठे?" मामंजी म्हणाले. "डबी लावली, कागद वाचला. तपासणी वेगळी आणि वाचन वेगळं."

"मग तुम्ही तपासा. पास झाली तर ठेवा. नाही झाली तर विकायची. कबूल?"

मामंजींनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या ताटाकडे बघत होत्या.

"कबूल," मामंजी म्हणाले, आणि जेवण अर्धं ठेवून वही आणायला उठले.

मी देवाला फार काही मागत नाही. सकाळी हात जोडते, सगळ्यांना सांभाळ म्हणते, कामाला लागते. गाडीच्या दिव्यासाठी देवाला हाक मारायची म्हणजे मला लाजच वाटली. म्हणून मी सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी मागितलं. त्यात गाडी आलीच.

आमच्या शेजारी एक टॅक्सीवाला राहतो. जीभ तिखट, पण अडीनडीला पहिला. त्याच्याकडे कोड वाचायची डबी होती, ती त्यानं आणून दिली. स्टिअरिंगखाली एक खाच असते, तिथे ती खोचायची, किल्ली अर्धी फिरवायची, की पडद्यावर गाडीचं दुखणं येतं. आलं. पी शून्य चार पाच पाच. खाली लिहिलेलं, वाफेच्या यंत्रणेत मोठी गळती.

"झालं," टॅक्सीवाला म्हणाला. "मोठी गळती."

"ही डबी कुणी तपासली आहे?" मामंजींनी विचारलं.

"म्हणजे?"

"ही खरं बोलते कशावरून?"

टॅक्सीवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

मामंजींनी काट्याला लावायचा नियमच डबीला लावला. काटा खरा की खोटा हे कळायला त्यावर माहितीचं वजन ठेवायचं असतं. तसा गाडीत माहितीचा बिघाड ठेवायचा. त्यांनी बॉनेट उघडलं, आत जाणारी हवा मोजणाऱ्या भागाची वायर स्वतःच्या हातानं काढली आणि गाडी चालू केली. गाडी खोकली, थरथरली, बंद पडली. पुन्हा डबी लावली. आता दोन कोड. दुसरा बरोबर त्या वायरचाच.

"खरं बोलते," मामंजी समाधानानं म्हणाले आणि लिहिलं, डबी, ठीक.

दारात खुर्ची टाकून बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "एक होता, त्याचे दोन केले. आणखी थोडा वेळ दिला तर चाकंही काढतील."

"अगं, वायर परत लावली की तो जाईल."

"आणि पहिला?"

मामंजी वायर परत लावायला वाकले.

पुढचे दहा दिवस आमच्या अंगणात गाडीचं इस्पितळच होतं. मामंजींनी गॅरेजवाल्यासारखं काही बदललं नाही, क्रमानं पाहिलं. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणापासून इंजिनपर्यंत, एकेक नळी, एकेक जोड. माझ्या धुण्याच्या साबणाचा फेस करून प्रत्येक जोडावर लावला, की हवा सुटत असेल तर बुडबुडे येतील. बुडबुडे आले नाहीत, माझा साबण मात्र संपला. मग रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं गाडीच्या पोटाशी लावून ते अर्धा अर्धा तास पडून राहायचे. रस्त्यानं जाणारे लोक थांबून विचारायचे, बरं आहे ना त्यांना. मी म्हणायची, त्यांना बरं आहे, गाडीला नाही.

एकदा ते देवापाशी येऊन उभे राहिले. मला बरं वाटलं. मग म्हणाले, "सूनबाई, चार उदबत्त्या दे. गॅरेजवाले नळ्यांत धूर सोडून गळती शोधतात म्हणे."

"मामंजी, पेट्रोलच्या टाकीजवळ पेटती उदबत्ती?"

ते क्षणभर विचारात पडले. "बरोबर आहे," म्हणाले, आणि वहीत लिहिलं, उदबत्ती, नापास.

तपासणीला आठ दिवस उरले. ह्यांनी गाडीचे फोटो काढायला सुरुवात केली, विकण्याच्या जाहिरातीसाठी. पुढून, मागून, डाव्या बाजूनं. मामंजी गाडीखालून म्हणाले, "पाय काढायला सांग त्याला माझ्या उजेडातून." एवढंच. पण रात्री जेवले नाहीत. आणि सासूबाईंनी मला विचारलं, हौदातले व्यायाम घरी बादलीत पाय ठेवून होतात का गं. मी म्हटलं, विचारते. मला माहीत होतं की होत नाहीत. त्यांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टॅक्सीवाला आपली डबी परत न्यायला आला. मामंजी पायरीवर बसले होते. चष्म्याला साबण लागलेला, म्हणून वही माझ्या हातात दिली होती. म्हणाले, "वाच पहिल्यापासून. काहीतरी राहिलंय. ऐकताना सापडेल."

मी वाचायला लागले. "बारा तारीख, सकाळी नऊ दहा. टाकीचं झाकण, पिशवीसह, घट्ट. तीन वेळा टक् वाजलं. ठीक. नऊ वीस. टाकीच्या तोंडाची नळी, तडा नाही, ठीक. नऊ पस्तीस..."

"थांबा वहिनी," टॅक्सीवाला म्हणाला. "कसली पिशवी?"

"झाकणाची," मी म्हटलं.

"झाकणाची कसली पिशवी?"

"झाकणाखालची," मामंजी म्हणाले. "असते ती."

"असते ती," सासूबाईंनी खुर्चीतून दुजोरा दिला.

तो आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघायला लागला. आम्ही त्याच्याकडे बघायला लागलो. मला खरंच कळेना, हा माणूस इतका का अडलाय. वर्षानुवर्षं टॅक्सी चालवतो आणि याला झाकणाखालची पिशवी माहीत नाही.

"काका," तो हळूच म्हणाला, आजारी माणसाशी बोलतात तसा, "माझ्या टॅक्सीला नाही पिशवी. कुणाच्याच गाडीला नसते."

मामंजी उठले. टाकीजवळ गेले, झाकण फिरवून काढलं. खाली दुधाच्या पिशवीचा तुकडा होता, दुहेरी, गोल, कडा नीट कापलेल्या. एका बाजूला चुणी पडून छोटी खाच तयार झाली होती. वाफेला तेवढी वाट पुष्कळ.

मामंजींनी तो तुकडा दोन बोटांत धरून सासूबाईंकडे पाहिलं.

"मीच लावली," त्या म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता. "वास यायचा. बसलं की पोटात ढवळायचं. तुम्हाला सांगितलं असतं तर म्हणाला असता, गाडी तुला सोसत नाही, नको आता हौद. म्हणून लावली. वास कमी झाला होता."

"कधी?"

"दिवा लागायच्या आधी आठवडाभर."

मी वही मिटली. त्या तुकड्याची पिशवी मीच धुतलेली असणार, हे मी कुणाला सांगितलं नाही.

टॅक्सीवाला मात्र झाकण उलटं करून बघत होता. "काका, हे बघा. पिशवी नंतरची गोष्ट. मूळ रबर गेलंय."

झाकणाच्या कडेला काळी रबराची चकती असते. ती कडक होऊन तिला केसाएवढी भेग गेली होती. पिशवी लावायच्या आधीपासून तिथून वाफ जात होती, इतकी थोडी की गाडीच्या कॉम्प्युटरलाही कळली नव्हती. सासूबाईंना कळली होती.

"म्हणजे काकूंनी गळती शोधली," टॅक्सीवाला म्हणाला, "आणि मग मोठी केली."

सासूबाई त्यावर हसल्या नाहीत. मामंजी हसले. दहा दिवसांत पहिल्यांदा. झाकण खाली ठेवून त्यांनी माझ्याकडून वही मागितली, बाराव्या तारखेचं 'ठीक' खोडलं आणि 'नापास' लिहिलं. कंसात लिहिलं, तपासणाऱ्याचा दोष. छत्तीस वर्षांत स्वतःला नापास करायची वेळ आली नव्हती.

नवं झाकण दुसऱ्याच दिवशी आलं. पण टॅक्सीवाल्यानं सांगितलं, नुसता कोड पुसून भागत नाही. पुसला की गाडीचा कॉम्प्युटर कोरा होतो, आणि तपासणी केंद्रात कोरी गाडी घेत नाहीत. तिला स्वतःची परीक्षा स्वतः द्यावी लागते. त्यासाठी गाडी रात्रभर थंड हवी, टाकी ना भरलेली ना रिकामी हवी, आणि मग मोठ्या रस्त्यावर एका वेगानं वीसएक मिनिटं चालवायला हवी.

"कुठल्या वेगानं?" मामंजींनी विचारलं.

"ऐंशी."

मामंजी खाली बसले.

टाकी तर काठोकाठ होती, कारण मामंजी ती कधी अर्ध्याखाली जाऊच देत नाहीत. म्हणजे आधी पेट्रोल जाळायचं. तीन दिवस ते काही काम नसताना गावभर चाळीसनं फिरले. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं गेले नव्हते अशा नातेवाइकांकडे जाऊन आले. दोघांना वाटलं, काहीतरी वाईट बातमी आहे.

चौथ्या दिवशी सकाळी मोठा रस्ता. मी बाजूला, वेगाचा आकडा मोठ्यानं सांगायला. मागच्या सीटवर सासूबाई. येऊ नका म्हटलं तरी आल्या. "मी केलंय ते मीच निस्तरते," म्हणाल्या. मांडीवर दुधाची पिशवी, उघडी धरलेली. या वेळी झाकणासाठी नव्हती.

"पन्नास," मी म्हणाले. "साठ. मामंजी, साठच आहे."

"कळतंय मला."

"सत्तर. मागचा ट्रक ओव्हरटेक करतोय."

"करू दे. त्याला घाई आहे."

"ऐंशी."

मामंजींनी स्टिअरिंग असं धरलं होतं, जणू कुणी काढून नेणार आहे. वीस मिनिटं तशीच गेली. मी मनातल्या मनात नामस्मरण करत होते आणि मधूनमधून ऐंशी, ऐंशी म्हणत होते. एकदा दोन्ही एकत्र झालं.

वळून बघितलं तर सासूबाई खिडकीतून शेतं बघत होत्या. गालांवर रंग होता. पिशवीची घडी करून पर्समध्ये ठेवली होती.

त्यांनी मला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. घरी आल्यावर, मामंजी टॅक्सीवाल्याची डबी पुन्हा लावून बघत असताना, माझ्या कानात म्हणाल्या, "वेगानं नव्हतं होत गं मला. वासानंच होत होतं. टॅक्सीतही तोच वास, बसमध्येही तोच."

"मग सांगा ना त्यांना."

"वेडी का काय? इतकी वर्षं माझ्यासाठी चाळीसनं चालवलीय. शिव्या खाल्ल्यात लोकांच्या. आता सांगू, फुकट होतं म्हणून?"

डबीवर आलं, गाडी तयार. कोड नाही.

तपासणीचा शेवटचा दिवस शुक्रवार. हे ऑफिसात होते, आम्ही तिघं गेलो. केंद्रात दोन रांगा, दोन यंत्रं. आमच्या रांगेत निळ्या कपड्यांतली एक बाई होती, हात काळे, बोलणं नेमकं. तिनं गाडीला वायर लावली, धुराच्या नळकांड्यात नळी घातली, पडद्याकडे पाहिलं, आणि कागद काढून मामंजींच्या हातात दिला.

"पास आहे काका. पुढची गाडी."

सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले. मी ह्यांना फोन लावला. मामंजी मात्र हलेनात. ते यंत्राच्या बाजूला वाकून काहीतरी बघत होते. यंत्रावर एक छोटा कागद चिकटवलेला होता, पडताळणीचा. मला त्यांची पाठ बघूनच कळलं, काय वाचताहेत.

"अहो, चला," सासूबाई म्हणाल्या.

"चार दिवसांपूर्वी मुदत संपलीय," मामंजी म्हणाले.

"चार दिवसांत काय यंत्र नासतं? चला म्हणते ना."

"मामंजी," मी म्हटलं, "आज शेवटचा दिवस आहे."

ते आमच्याकडे वळले. "शिक्का संपलेल्या काट्यावरचं वजन मी कुणाचंही कधी मान्य केलं नाही. दुकानदार रडले तरी नाही. आज माझंच आहे म्हणून मान्य करू?" मग बाईकडे गेले आणि पासचा कागद परत केला.

तिनं कागद बघितला, यंत्र बघितलं. "काका, तुम्ही गाडी तपासायला आलात की आम्हाला?"

"दोन्ही," मामंजी म्हणाले.

तिला राग आला असावा, पण तिनं यंत्रावरची चिठ्ठी नीट वाचली, वर जाऊन विचारून आली आणि यंत्र बंद केलं. आमची अख्खी रांग दुसऱ्या रांगेत गेली. तिथले आणि इथले, सगळे एकदम आमच्याकडे बघायला लागले. फोनवर हे अजून होतेच.

"काय झालं?"

"पास झाली," मी म्हणाले. "आता परत देतायत."

"का?"

"मामंजींना तो पास पसंत पडला नाही."

ह्यांनी फोन ठेवून दिला.

दोन तास आम्ही त्या रांगेत होतो. मी पर्समधली जपमाळ काढून ओंजळीत धरली. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्यांचं न बोलणं मामंजींना चांगलं ऐकू येत होतं. एकदा म्हणाले, "गुडघे दुखतात का?" त्या म्हणाल्या, "दुखले तर वहीत लिहा."

केंद्र बंद व्हायला वीस मिनिटं असताना आमचा नंबर आला. मामंजींनी आधी दुसऱ्या यंत्राची चिठ्ठी वाचली. मुदत होती. मग वायर, मग नळी. आता या रांगेत आलेल्या त्याच बाईनं पडद्याकडे पाहिलं, आणि या वेळी कागद लगेच दिला नाही. पडदा मामंजींकडे वळवला.

"बघून घ्या काका. नंतर म्हणाल."

पास. आकडे पहिल्यापेक्षाही बरे होते.

"ठीक," मामंजी म्हणाले. तिनं हात पुसला आणि त्यांच्याशी हस्तांदोलन केलं.

घरी येताना ते चाळीसनं चालवत होते. मागे सात गाड्यांची माळ लागली होती आणि कुणीतरी सारखा भोंगा वाजवत होता. मी आरशात सासूबाईंकडे पाहिलं.

"सावकाश हं," त्या म्हणाल्या. "मला गाडी लागते."

मामंजींनी वेग अडतीसवर आणला.

आता हौदाला निघायच्या आधी एक नवीन काम झालंय. मामंजी टाकीचं झाकण लावतात, तीन वेळा टक् वाजवतात आणि बाजूला होतात. सासूबाई काठी टेकत येतात, वाकून वास घेतात आणि मान हलवतात. मग मामंजी वही काढतात. गेल्या मंगळवारचं मी वाचलंय. टाकीचं झाकण, पिशवीशिवाय, घट्ट. वास, नाही. तपासणारी, ही. ठीक.